कुंपणाचा खांब

वाडीला कुंपण घालणें ही गोष्ट इतकी सामान्य आहे कीं, तिच्यावर कोणी भाषण करावें असें आपल्याला कदाचित् वाटणार नाहीं. शहरांत राहणाऱ्या कुटुंबाचा कुंपणाशीं संबंध येतो तो बहुधा दोनच प्रसंगीं. गांवाकडील जमिनीच्या हद्दीवरून भाऊबंदांत बोलाचाली झाली तर, किंवा चार पैसे गांठीला जमल्यावर वसई-विरारकडे एखादी लहानशी वाडी घ्यावी असें मनांत आलें तर. दोन्ही प्रसंगीं प्रश्न एकच उभा राहतो. आंखून घेतलेल्या रेषेवर आतां उभें काय करावयाचें? भिंत कीं खांब? आणि खांब म्हटला तर तो कशाचा, किती खोल, व जमिनींत घालावयाचा कसा? मी आज या शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करणार आहें. कारण माझ्या मतें पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांतूनच निघतें.

खांब जमिनींत घालण्याच्या दोन रीती आहेत. पहिली आपणां सर्वांच्या परिचयाची. पहारेनें खड्डा खणावयाचा, त्यांत खांब उभा करावयाचा, आणि काढलेली माती व दगडगोटे सभोंवार टाकून ते धुमसानें चोपावयाचे. हिला आपण खांब रोवणें म्हणतों. दुसरी रीत खड्डा मुळींच न खणतां, टोंक काढलेला खांब वरून घाव घालून सरळ जमिनींत उतरविण्याची. तंबूची मेख किंवा गाईचा खुंटा आपण याच रीतीनें मारतों. हिला ठोकणें म्हणूं. खुंट्याला लांकडी मोगरी पुरते; परंतु मांडीसारखा जाड आणि पुरुषभर उंचीहून लांब असा खांब ठोकावयाचा म्हटलें तर मनुष्याचें बळ अपुरें पडतें. शिडीवर उभें राहून घण चालविणें कठीण, आणि धोक्याचेंहि. म्हणून आपल्याकडे खांब रोवण्याचीच वहिवाट पडली.

पण ज्या देशांत गुरांसाठीं मैलोगणती कुंपणें घालावीं लागतात, त्या न्यूझीलंड, इंग्लंड, अमेरिका वगैरे देशांत शेतकरी लांकडी खांब यंत्रानें ठोकतात. हें यंत्र ट्रॅक्टरच्या पाठीमागें बसविलेलें असतें. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन या यांत्रिकानें ट्रॅक्टरला अवजार तीन ठिकाणीं जोडून तेलाच्या दाबानें उचलण्याची जी युक्ति शोधिली, व जिचें पेटंट त्यानें १९२६ सालीं घेतलें, तिच्यामुळें नांगराप्रमाणेंच इतर जड अवजारेंहि ट्रॅक्टरवर बसवितां येऊं लागलीं. खांब ठोकण्याच्या यंत्राला एक उभी लोखंडी मेढ असते. तिच्या खांचेंत एक अवजड लोखंडी ठोकळा वरखालीं सरकतो. ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबानें ठोकळा वर चढतो. सोडला कीं खालीं उभ्या केलेल्या खांबाच्या डोक्यावर येऊन आदळतो. यंत्राचें तत्त्व एवढेंच. पुलाच्या पायासाठीं नदीच्या पात्रांत जे सोट ठोकतात त्यांचें तत्त्वहि हेंच आहे. फरक आहे तो आकाराचा.

यांतील बळाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, सहा किलो वजनाचा घण दोन मीटर उंचीवरून सोडला, आणि दोनशें किलो वजनाचा ठोकळा तितक्याच उंचीवरून सोडला. दुसऱ्याची शक्ति पहिल्याच्या तेहतीस पटींहून अधिक झाली. तो ठोकळा आदळून खांब अडीच सेंटिमीटर खालीं गेला असें धरलें, तर सरासरी सुमारें सोळा टनांचा दाब त्या क्षणापुरता खांबावर पडला असें गणित सांगतें. शिवाय हलका घण वेगानें मारला म्हणजे त्याच्या शक्तीचा पुष्कळसा भाग खांबाचें डोकें चेचण्यांत व फोडण्यांत वायां जातो; जड ठोकळा सावकाश पडला तर तीच शक्ति खांबाला खालीं ढकलण्यांत खर्ची पडते. मऊ जमिनींत असा खांब एक-दोन मिनिटांत बसतो.

आपल्याकडे ट्रॅक्टरला जोडून खड्डा घेणारें गिरमिट आतां पुष्कळ ठिकाणीं दिसतें. तेव्हां कोणी विचारील कीं, खड्डा यंत्रानें घेतला काय आणि खांब यंत्रानें ठोकला काय, श्रम तर दोहोंतहि वांचले. मग भेद कोठें राहिला? भेद श्रमाचा नाहीं, जमिनीचा आहे. आणि माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा तोच आहे.

खांबाला उभें कोण ठेवतें? आपण म्हणतों, खांब मजबूत आहे म्हणून तो उभा राहतो. वस्तुतः त्याला उभें ठेवते ती भोंवतालची माती. गाय कुंपणाला टेकली किंवा तार ताणली गेली म्हणजे खांब वरच्या अंगाला वांकूं पाहतो. त्या वेळीं जमिनीच्या पृष्ठाजवळची माती त्याला एका बाजूनें अडविते, आणि खालीं टोंकाजवळची माती विरुद्ध बाजूनें धरून ठेविते. ही माती वर्षानुवर्षें बसून घट्ट झालेली असेल तर खांब हलत नाहीं. पण आपण खड्डा खणतों तेव्हां नेमकी हीच माती उकरतों. बारा सेंटिमीटर जाडीच्या खांबासाठीं तीस सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घेतला, तर खांबाच्या सभोंवार नऊ सेंटिमीटर रुंदीचें सैल मातीचें कडें तयार होतें. तें कितीहि चोपलें तरी शेजारच्या अस्पृष्ट मातीइतकें घट्ट होणें दुर्घट. मग पहिल्या पावसांत तो खड्डा वाडग्यासारखा भरतो, भराव खचतो, आणि खांब दांतासारखा हलूं लागतो. उलट ठोकलेला खांब माती बाहेर काढीत नाहीं, बाजूला सारतो. जेवढी जागा त्याला हवी तेवढी माती सभोंवारच्या मातींत दाबली जाते, व त्या दाबानेंच ती खांबाला आवळून धरते.

यावरून दोन व्यवहारोपयोगी नियम निघतात. पहिला असा कीं, जमिनीची पकड वाढवावयाची तर जाडीपेक्षां खोलीकडे पाहावें. जाडी दुप्पट केली तर पकड साधारण दुप्पट होते. खोली दुप्पट केली तर ती त्याहून कितीतरी अधिक वाढते. खांबाचा एक-तृतीयांश भाग जमिनींत असावा ही जुनी म्हण यासाठींच योग्य आहे. दोन मीटर दहा सेंटिमीटर लांबीचा खांब घेतला तर सत्तर सेंटिमीटर खालीं व एक मीटर चाळीस सेंटिमीटर वर. कोपऱ्यावरच्या खांबाला दोन बाजूंच्या तारांचा ओढा सोसावा लागतो. तो अधिक लांब घेऊन मीटरभर तरी उतरवावा आणि त्याला तिरपा टेकू द्यावा. दुसरा नियम लांकडाविषयींचा. खांब मोडूं नये म्हणून मात्र जाडीच उपयोगी पडते, कारण गोल लांकडाचा वांकण्यास होणारा विरोध व्यासाच्या घनाप्रमाणें वाढतो. दहा सेंटिमीटरऐवजीं साडेबारा सेंटिमीटर व्यासाचा खांब घेतला तर तो जवळजवळ दुप्पट बळकट होतो.

आतां हें ज्ञान वसई-विरारच्या भूमीवर लावून पाहूं. या तालुक्याची जमीन एकजात नाहीं. पश्चिमेला समुद्राच्या कांठानें गिरिज, भुईगांव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा या बाजूला वाळूमिश्रित मऊ जमीन आहे. केळींच्या, पानवेलींच्या व फुलांच्या वाड्या या पट्ट्यांतल्या. येथील केळीं व त्यांचीं सुकेळीं मुंबईकरांना परिचित आहेतच. या जमिनींत खड्डा खणूं लागलें कीं कडा ढासळतात; म्हणून येथें ठोकलेला खांब रोवलेल्या खांबापेक्षां निश्चित सरस. मात्र येथें विहिरी पुष्कळ आहेत, आणि पावसाचें गोडें पाणी सांठविणारीं जुनीं बावखलें आहेत. बावखलाच्या ओल्या कांठावर यंत्राचे घाव घातले तर कांठ सुटून आंत घसरण्याचें भय असतें. तेथें यंत्र न नेतां दहा पावलें अलीकडूनच रेषा घ्यावी.

दुसरी जमीन खाजणाची. वसईच्या खाडीकडे आणि मिठागरांच्या बाजूला काळा, खारट, चिकट गाळ असतो. येथें खांब पहिल्या दोन-चार घावांतच भराभर खालीं जातो, आणि मालकाला वाटतें कीं काम फार सोपें झालें. वास्तविक हा धोक्याचा इशारा आहे. वरचा थर पातळ आहे, व खांबाला पकड मिळालेली नाहीं, असा त्याचा अर्थ. येथें खांब लांब घ्यावा, व तो खालच्या कठीण थरापर्यंत न्यावा. गाळाचा आणखी एक विशेष आहे. ठोकतांना खांबाभोंवतालचा गाळ ढवळला जाऊन त्यांतील पाण्याचा दाब वाढतो, आणि काहीं काळ त्याची पकड ढिली पडते. तो दाब ओसरला म्हणजे तोच गाळ खांबाला पूर्वीहून घट्ट धरतो. तेव्हां गाळांत ठोकलेल्या खांबाला लगेच तार न ताणतां काहीं दिवस तसाच राहूं द्यावा. खाजणांत तिवरें असलीं तर तिकडे फिरकूंच नये. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं तिवरांची तोड थांबविली, आणि त्यांच्यापासून पन्नास मीटरच्या आंत बांधकाम करण्यास मनाई केली.

तिसरी जमीन रेल्वेच्या पूर्वेकडची. तुंगारेश्वराच्या डोंगरापर्यंत जो भाग चढत जातो तेथें वरती थोडी माती, खालीं मुरूम, आणि त्याखालीं काळा पाषाण. येथें यंत्राचा गर्व चालत नाहीं. खांब उतरेनासा झाला तरी घाव घालीतच राहिलें, तर टोंक चेचून कुंच्यासारखें होतें किंवा खांब उभा चिरतो, आणि तें नुकसान जमिनीखालीं झाल्यामुळें कोणाला दिसत नाहीं. चार-पांच घावांत खांब बोटभरहि हलला नाहीं तर थांबावें. एकतर जागा हातभर सरकवावी, नाहीं तर खांबाहून थोडें अरुंद असें भोंक आधीं गिरमिटानें पाडून मग त्यांत तो ठोकावा.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. हीं परदेशांतील तंत्रें. आपल्या लोकांना खांब ठोकण्याची विद्या कोठें होती? श्रोतेहो, होती. ती जमिनीवर नव्हती, समुद्रांत होती. वसई, नायगांव, अर्नाळा, उत्तन या किनाऱ्यावरील कोळी बांधव डोल नांवाचें जाळें लावतात. तें एका लांब निमुळत्या पिशवीसारखें असून भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून पाण्यांत स्थिर ठेवावें लागतें. प्रवाहाबरोबर येणारे बोंबील, मांदेली, जवळा त्यांत सांपडतात. प्रवाह फिरला कीं जाळ्याचें तोंडहि फिरवावें लागतें. एवढ्या मोठ्या जाळ्याला प्रवाहाच्या जोरापुढें स्थिर ठेवावयाचें तर समुद्राच्या तळाशीं त्याला आधार हवा. तो आधार लांकडाचा. काहीं ठिकाणीं सूस म्हणजे अनेक सोट जोडून केलेले उंच खांब वापरीत. काहीं ठिकाणीं खुंट, म्हणजे जाड मेख, तळाच्या गाळांत दाबून तिला दोरानें जाळें बांधतात. पाण्याखालीं खड्डा खणण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. खांब तेथें उतरवावाच लागतो. जमीन न उकरतां तिच्याकडूनच आधार घ्यावयाचा, हें तत्त्व आमच्या कोळ्यांना ट्रॅक्टर जन्मण्यापूर्वींच अवगत होतें. यंत्रानें शेतकऱ्याला जें साध्य करून दिलें तें तत्त्वतः नवें नाहीं, सुलभ मात्र आहे.

आतां लांकडाकडे वळूं. खांब कुजतो तो टोंकाशीं नव्हे व डोक्याशींहि नव्हे. तो जमिनीच्या पृष्ठाशीं कुजतो. कारण बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल जमिनींत ओल असते पण हवा कमी. वर हवा असते पण ओल टिकत नाहीं. पृष्ठाशीं दोन्ही भरपूर. आणि दुर्दैव असें कीं, खांबावर वांकण्याचा ताण सर्वांत जास्त पडतो तोहि त्याच बिंदूच्या आसपास. त्यांत वाळवीची भर. पावसाळ्यांत जेथें दोन हजार मिलिमीटर व त्याहूनहि अधिक पाऊस पडतो, तेथें कच्चें लांकूड किती टिकणार? साग, खैर यांचा गाभा टिकाऊ. पण तो महाग, आणि खांबासाठीं असलें लांकूड खर्चणें शोभतहि नाहीं. किनाऱ्यावर लावलेला सुरू सरळ व बळकट असतो, परंतु जमिनींत गेल्यावर तो फार काळ तग धरीत नाहीं. टोंक जाळून काळें करण्याची जुनी चाल आहे. तिच्यावर फार भिस्त ठेवूं नये. जळालेल्या पातळ थराला चीर पडली कीं आंतलें लांकूड उघडें पडतें.

या बाबतींत आपल्या देशानें जगाला एक देणगी दिली आहे, ती फारशा लोकांना ठाऊक नाहीं. डेहराडूनची वनसंशोधन संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. तेथें सोन्ती कामेशम् या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं तांबें, क्रोम व सोमल यांच्या क्षारांचें एक मिश्रण तयार केलें. तें पाण्यांत विरघळवून दाबाखालीं लांकडांत मुरविलें म्हणजे लांकडाशीं घट्ट जखडून बसतें, पावसानें सहज धुपून जात नाहीं, आणि बुरशी व वाळवी या दोघांपासूनहि संरक्षण करतें. या शोधाच्या आधारावर जगभर कोट्यवधि खांब उभे राहिले. परंतु सोमल विषारी खरा. अमेरिकेंत २००३ सालच्या अखेरीपासून घरगुती वापराच्या लांकडासाठीं तें मिश्रण वापरणें बंद करण्यांत आलें, आणि तांब्याच्या दुसऱ्या क्षारांकडे लोक वळले. आपण असा जुना खांब घेतला असेल, तर त्याचा तुकडा चुलींत किंवा शेकोटींत कधींहि घालूं नये, व त्याचा भुसा भाजीच्या वाफ्यांत पडूं देऊं नये.

औषध मुरविलेला खांब घेतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. औषध बाहेरच्या कोंवळ्या लांकडांत मुरतें, गाभ्यांत फारसें शिरत नाहीं. म्हणून चिरलेल्या चौकोनी खांबापेक्षां सबंध गोल खांब चांगला. त्याच्या सभोंवार औषधाचें अखंड कवच होतें. आणि खांबाला टोंक काढावयाचें तें औषध मुरविण्यापूर्वीं काढावें. नंतर काढलें तर कवच फोडून आपणच कुजण्याला दार उघडून देतों. खांबाचें बारीक अंग खालीं असावें, आणि डोकें फुटूं नये म्हणून ठोकतांना त्यावर लोखंडी कडें बसवावें.

वसईच्या वाडीवाल्याला याहून स्वस्त असा एक मार्ग पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि तो म्हणजे जिवंत खांब. पांगारा, शेवगा, भेंडी, अलीकडे गिरिपुष्प, यांचे सोट पावसाच्या तोंडावर लावले कीं त्यांना मुळें फुटतात. असा खांब कुजत नाहीं, उलट दरवर्षीं जाड होतो, आणि पाला देतो. मात्र जिवंत सोट यंत्रानें ठोकूं नये. घावानें त्याची साल फुटते, आणि मुळें धरण्याची त्याची शक्ति मारली जाते. त्याच्यासाठीं पहारेनें भोंक पाडावें. माझी सूचना अशी आहे कीं, दोन्ही रीतींचा मेळ घालावा. कोपऱ्याचे, दाराचे व मधले ठराविक अंतरावरचे खांब ठोकलेले असावे. त्यांच्या मध्यें जिवंत सोट लावावे. पहिलीं वर्षें ठोकलेले खांब तारेचा भार वाहतील, आणि ते थकूं लागतील तोंवर जिवंत खांब वयांत आलेले असतील.

हें यंत्र भाड्यानें आणून काम करवून घेणाऱ्या घरधन्यानें स्वतः थोडें लक्ष घालावें. काम पावसाळा ओसरल्यावर, जमिनींत ओल असतां करावें. वैशाखांत जमीन दगडासारखी होते. आधीं कोपरे ठोकावे, मग त्यांच्या मध्यें दोरी ताणून बाकीचे. पहिले दोन-तीन घाव हलके घालून ओळंब्यानें दोन बाजूंनीं खांब पाहावा. अर्धा उतरल्यावर तो सरळ करूं म्हणणाऱ्याच्या हातून तो मोडतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ठोकळा वर असतां कोणीहि खांबाला हात लावूं नये. खांब धरण्यासाठीं यंत्रालाच पकड असते. मदतनीसानें खांबाच्या लांबीइतकें दूर उभें राहावें. ट्रॅक्टरचा फिरता दांडा उघडा असेल तर धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यांत गुरफटण्यास निमिष लागत नाहीं. तेव्हां झांकण बसविल्यावांचून काम सुरूं करूं देऊं नये. वर विजेच्या तारा, खालीं पाण्याचे नळ व केबली कोठें आहेत याची चौकशी आधीं करावी. मुलांना तमाशा पाहूं द्यावा, पण ओट्यावरून.

इथवर मातीचा विचार झाला. परंतु कुंपणाचा खांब केवळ मातींत उतरत नाहीं, तो शेजाऱ्यांच्या मध्यें उतरतो. मघां ज्या डोलीच्या खांबांचा उल्लेख केला, त्यांच्यावरून या किनाऱ्यावर एक वाद दशकानुदशकें चालत आला आहे. डोलीसाठीं समुद्रांत जी जागा खांबांनीं धरतात तिला कव म्हणतात. वसई-उत्तनकडील डोलवाले उत्तरेला सातपाटीच्या समोरच्या समुद्रांत कवी मारूं लागले. आणि सातपाटीकडील मच्छीमारांचीं वाहतीं जाळीं त्या खांबांत अडकून फाटूं लागलीं. दोन्ही बाजूंना पोट आहे, दोन्ही बाजूंना आपापला युक्तिवाद आहे. किती बैठका झाल्या, तडजोडी झाल्या. पण समुद्राच्या तळाला सातबारा नाहीं. खांब ठोकणाराला तो केवळ जाळ्याचा आधार वाटतो. दुसऱ्याच्या दृष्टीनें ती मालकीची खूण होते. जमिनीवर आपल्याला एवढी सोय आहे कीं मोजणी करून घेतां येते. १९६६ सालच्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्यानें हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आहे, आणि त्या खुणा नष्ट करणें हा अपराध ठरविला आहे. तेव्हां यंत्र बोलावण्यापूर्वीं मोजणी करावी, आणि शेजाऱ्याला समक्ष बोलावून रेषा दाखवावी. यंत्र दिवसभरांत जितके खांब ठोकील तितके खांब उपटून पुन्हां बसविण्यास न्यायालयांत किती वर्षें लागतील तें सांगवत नाहीं.

आणि आतां आरंभींचा प्रश्न. भिंत कीं खांब? वसई-विरारची महानगरपालिका २००९ सालीं झाली, आणि जेथें वाड्या होत्या तेथें इमारतींमागून इमारती उठल्या. प्रत्येकीला दगड-विटांचें आवार. वाडी घेणारा शहरवासीहि पहिली गोष्ट करतो ती आवाराची भिंत बांधण्याची. तिच्यांत त्याला सुरक्षितता वाटते. पण ही भूमि सपाट व सखल आहे. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. पूर्वेच्या डोंगरावरून उतरणारें पाणी याच सपाटीवरून वाट काढीत जातें. जुलै २०१८ मध्यें सतत पाऊस पडला तेव्हां वसई-नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, आणि वसईच्या मिठागरांत राहणारीं कुटुंबें पाण्यानें वेढलीं गेलीं. त्या पुराचें कारण एकटी भिंत होती असें मी म्हणत नाहीं; भराव, बुजलेले नाले, अवाढव्य पाऊस, अशीं अनेक कारणें असतात. परंतु सपाट भूमीवर पायासकट उभी केलेली प्रत्येक भिंत हा एक लहानसा बांध असतो, आणि तिनें अडविलेलें पाणी नाहींसें होत नाहीं, तें शेजाऱ्याच्या ओट्यावर जातें.

खांबांचें कुंपण गुरांना अडवितें, पाण्याला अडवीत नाहीं. त्याला पाया खणावा लागत नाहीं, सिमेंट ओतावें लागत नाहीं. उद्यां वाडी विकली, हद्द बदलली, किंवा पाण्याला वाट करून द्यावयाची ठरलें, तर खांब उपसून घेतां येतो, आणि मागें राहणारें भोंक एका पावसांत बुजतें. भिंत बांधणारे म्हणत कीं, खांब रोवणें जिकिरीचें, ते हलतात, वरचेवर बदलावे लागतात, मजूर मिळत नाहींत. ही तक्रार खोटी नव्हती. पण खांब नीट निवडला, औषध मुरवून घेतला, आणि रोवण्याऐवजीं ठोकला, तर तिच्यांतील बहुतेक भागाचें निरसन होतें. या यंत्राचें महत्त्व मला वाटतें तें एवढ्यासाठीं. तें श्रम वांचवितें हें गौण. भिंतीवांचून चालूं शकेल असें कुंपण पुन्हां आटोक्यांत आणतें, हें मुख्य.

पांच-दहा जणांच्या वाड्या शेजारींशेजारीं असतील, तर एकट्यानें यंत्र आणण्यापेक्षां सर्वांनीं मिळून एक दिवस आणावें. सर्वांच्या हद्दी एकाच वेळीं, सर्वांच्या समक्ष आंखल्या जातील; भाडें विभागलें जाईल; आणि पाण्याच्या वाटा कोठून सोडावयाच्या तेंहि त्याच बैठकींत ठरेल. खांबाला उभी ठेवते ती त्याच्या भोंवतालची न उकरलेली जमीन, हें आपण पाहिलें. कुंपणाच्या बाबतींत न दुखावलेला शेजारहि तितकाच उपयोगी पडतो. येत्या दिवाळीनंतर जे कोणी वसईकडे आपल्या वाडीची रेषा आंखावयास जातील, त्यांनीं गवंड्याला निरोप धाडण्यापूर्वीं या गोष्टींचा एकवार विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.